हिमबिबट्या दिसेल की नाही, हा नंतरचा प्रश्न

मंडळी, पोस्ट मोठी झालीय. ज्यांना लडाखला जायचंय किंवा ज्यांच्या घरातलं कुणी जाणार आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीचे लाईक करून पुढं गेले तरी राग नाही.

तर झालंय असं, की आमच्या सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच विषय चाललाय. पुढच्या फेब्रुवारीत लडाखला जायचं, हेमिस नॅशनल पार्कमध्ये, हिमबिबट्या बघायला. ग्रुपमध्ये झेडपीचे दोन मास्तर, एक मेडिकलवाले, बँकेतले एक साहेब, रिटायर झालेले एसटीचे कंडक्टरमामा आणि मी. सगळे चाळीस ते साठच्या मधले. दातेगड, गुणवंतगड, वासोटा सगळ्यांचा झालेला. त्यामुळं "आपल्याला चालायचं काय अवघड नाय" हा आत्मविश्वास भरपूर.

कुणीतरी एका टूरवाल्यांचं पत्रक टाकलं. 6 रात्री, 7 दिवस, मुंबई ते मुंबई. पहिल्या दिवशी लेहला उतरून दुपारी स्थलदर्शन. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्कमधल्या तंबूत. आणि खाली ठळक अक्षरात 'हिमबिबट्याचं हमखास दर्शन'. दहा मिनिटांत पाच अंगठे आले. मी लिहिलं, "या प्लॅनवर मी येणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नये." झालं! मेडिकलवाल्यांचा लगेच मेसेज, "पत्रकार, तुमाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच हाय." ग्रुपवर एवढं सगळं टाईप करणं शक्य नव्हतं, म्हणून इथं लिहितोय. शिवाय आपल्या तालुक्यातून दरवर्षी किती लोक लडाखला जातात ते मला बातम्यांपेक्षा स्टेटसवरून जास्त कळतं. तेव्हा विषय फक्त आमच्या ग्रुपचा नाही.

आधी जागा समजून घ्या. हेमिस पार्क 1981 साली जाहीर झालं, पुढं वाढत वाढत जवळपास 4,400 चौरस किलोमीटरचं झालं. आपला कोयना-चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प त्याच्या पुढं लहान वाटेल. इथं जिप्सीत बसून रस्त्याने फिरायचा प्रकार नाही. उघडे डोंगर, घळी, गोठलेले ओढे, आणि मधे मधे माणसांची गावं. आपल्याकडं चांदोलीतली गावं उठवली, तिथं गावं पार्कच्या आतच आहेत. त्यातलं रुंबक हे हिमबिबट्यासाठी सगळ्यात प्रसिद्ध. मूठभर घरं, उंची साधारण 4,000 मीटर. लेहहून गाडीने झिंगचेनपर्यंत जायचं, तिथून घळीतून वर चढायचं.

4,000 मीटर हा आकडा आपण वाचतो आणि पुढं जातो. कळसूबाई 1,646 मीटर आहे. महाराष्ट्रात त्याच्या वर जमीनच नाही. म्हणजे आपल्यापैकी कुणाच्याही शरीराने जन्मात कधी 1,700 मीटरच्या वर रात्र काढलेली नाही, बाहेर कुठं गेला नसेल तर. लेह 3,500 मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांशच असतो, त्यामुळं प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. आणि विमान तुम्हाला दिल्लीहून तासा-सव्वा तासात तिथं नेऊन सोडतं. शरीराला या बदलाला दिवस लागतात. गडावर पळत चढणाऱ्याला कमी लागतात असं काही नाही. उलट दमदार माणूस जास्त फसतो, कारण तो पहिल्या दिवसापासून पळापळ करतो आणि डोकं दुखलं तरी बोलत नाही.

आता जे लिहितोय ते बारा वर्षांत कुठं लिहिलं नव्हतं.

2014 च्या जूनमध्ये आम्ही नऊ जण लडाखला गेलो होतो. आपल्याच भागातल्या एका टूरवाल्याकडून. नाव लिहीत नाही, तो धंदा आता बंदही झालाय. पहिल्या दिवशी उतरलो, दुपारी शांतीस्तूप. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला. (तिथं तेव्हा पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं. खरी उंची त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी, 5,359 मीटर. आम्ही त्या खोट्या आकड्याबरोबर फोटो काढून घेतले, तो माझ्याकडे अजून आहे.) तिसऱ्या दिवशी पँगाँग तलावावर तंबूत मुक्काम. माझा शाळेपासूनचा मित्र बरोबर होता. तालमीतला गडी, बेचाळीस इंची छाती. खारदुंग लाहून आल्यापासून त्याचं डोकं दुखत होतं, रात्री कोरडा खोकला. सकाळी तो म्हणाला, "मी आज हॉटेलवरच थांबतो, तुम्ही जाऊन या." मी म्हणालो, "अरे एवढे पैसे भरलेत, गाडीत बसून तर जायचंय. थ्री इडियट्सचा तलाव परत कधी बघणार?"

हे मी म्हणालो. टूरवाला नाही, ड्रायव्हर नाही. मी.

पँगाँगला रात्री त्याला आडवं झोपता येईना. बसून दम खात होता. छातीत घरघर, तांबूस फेस. तंबूवाल्यांकडं एक ऑक्सिजनचा सिलिंडर होता, तो लावला. उपाय खरा एकच होता, खाली नेणं. पण पँगाँगहून लेहला यायचं तर मधे चांग ला आहे, 5,300 मीटरच्या वर. खाली जाण्यासाठी आधी आणखी हजार मीटर चढायचं! नकाशावर ही गोष्ट एका नजरेत दिसते. आम्ही नऊ जणांनी निघण्याआधी नकाशा उघडलाच नव्हता. पहाटे निघालो. चांग लाच्या अलीकडे तो गेला.

गावाकडं बातमी मीच लिहिली. "लडाख सहलीदरम्यान हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन." टूरवाला तसंच म्हणत होता, घरच्यांनाही तसंच सांगितलं गेलं होतं, आणि मला ते सोयीचं होतं. झटका आला म्हटलं की कुणाची चूक राहत नाही. नंतर एका डॉक्टरांशी बोललो तेव्हा त्यांनी लक्षणं ऐकून एका वाक्यात सांगितलं, उंचीमुळं फुफ्फुसात पाणी झालं होतं. खोकला सुरू झाला त्या रात्रीच तो लेहमध्ये थांबून डॉक्टरकडे गेला असता तर वाचण्याची शक्यता फार मोठी होती. मी ती बातमी दुरुस्त केली नाही. डिप्लोमा करताना आम्हाला शिकवलं होतं, चुकीची बातमी छापून आली तर खुलासा त्याच जागी द्यायचा. बारा वर्षं दिला नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींकडं गेलो, सगळं सांगितलं. हे लिहू का म्हणून विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिहा भावजी. तवाच लिहायला पायजे होतं." त्यांच्या परवानगीनेच हे लिहिलंय. कॉमेंटमध्ये कुणी नाव विचारू नये, ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहू नये.

या एका बातमीवरून सांगतो, आपल्याकडच्या पेपरात "यात्रेत हृदयविकाराने निधन" असं येतं, त्यातल्या काही बातम्या माझ्यासारख्यांनीच लिहिलेल्या असणार. केदारनाथ असो, अमरनाथ असो, लडाख असो. प्रत्येक वेळी हृदयविकार लिहिला की पुढच्या वर्षी जाणाऱ्याला कळतच नाही की धोका कुठं होता. तो ईसीजी काढून घेतो, "नॉर्मल आहे" म्हणतो आणि विमानात बसतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. असल्या सहलीची आखणी प्राण्यापासून सुरू करायची नाही. मुक्कामाच्या उंचीपासून करायची. कोणत्या रात्री किती मीटरवर झोपणार, हे आधी कागदावर मांडायचं. डॉक्टर आणि गिर्यारोहक जो नियम सांगतात तो असा, की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि मधे विश्रांतीचे दिवस ठेवावेत. दिवसा वर जाऊन यावं, झोपायला खाली यावं. विमानाने एकदम 3,500 वर उतरणाऱ्याने तर पहिले दोन दिवस गुपचूप पडून राहावं. त्या पत्रकात दुसऱ्याच रात्री 4,000 मीटर आहे. दिवसात 500 चढतो म्हणून नियमात बसतं असं टूरवाला म्हणेल, पण पहिला दिवस स्थलदर्शनात घालवून, एकच रात्र लेहमध्ये काढून. हाच तो खेळ.

मी जो आराखडा ग्रुपवर टाकलाय तो अकरा दिवसांचा आहे. लेहमध्ये तीन रात्री. पहिला दिवस फक्त झोप, पाणी आणि जेवण, दारू-सिगारेट बंद. दुसरा दिवस बाजारापर्यंत हळू चालणं. तिसऱ्या दिवशी थोडी चढण. कुणाचं डोकं दुखत असेल तर चौथ्या दिवशी तो वर जाणार नाही, आणि त्याच्याबरोबर लेहमध्ये कोण थांबणार याचं नाव आत्ताच ठरणार. यावर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण थांबायला कुणीच तयार नाही. मी माझं नाव पहिलं लिहिलंय. मग पाच रात्री रुंबकला. परतून एक जास्तीची रात्र लेहमध्ये, कारण फेब्रुवारीत हवा बिघडली की विमानं रद्द होतात, आणि बाहेर पडायचे रस्ते त्या दिवसांत बर्फाने बहुधा बंदच असतात. सोमवारी सकाळी बँकेत हजर व्हायचंय म्हणून रविवारचं तिकीट काढणाऱ्यांनी घरीच बसावं.

डायमॉक्स नावाची गोळी बऱ्याच जणांना माहीत आहे. आमचे मेडिकलवाले म्हणाले, "मी सगळ्यांना आणतो, माझ्याकडनं." तर ती डॉक्टरला विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असलेल्याला त्रास होऊ शकतो, आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट, आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. प्रवास विम्याच्या कागदात किती मीटरपर्यंतचा ट्रेक धरलाय ते वाचा. एजंट वाचत नाही, तुम्ही वाचा.

आता बिबट्याकडं येऊ. कंडक्टरमामा म्हणतात, "एवढं लाखभर घालवून बिबट्याच बघायचा तर हितं उसात चला की, फुकट दावतो." मामा, तुमचं बरोबर आहे, आणि नेमकं त्यातच माझा दुसरा मुद्दा आहे.

देशभरात हिमबिबट्यांची पहिली पद्धतशीर मोजणी 2019 ते 2023 मध्ये झाली. आकडा जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाला, 718. त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये. एवढ्या अफाट डोंगरात 477. थंडीत भरल, म्हणजे तिथली निळसर रानमेंढी, खालच्या उतारांवर येते, तिच्या मागं तोही येतो, शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांच्या जोड्या जमण्याचा काळ. म्हणून दिसला तर त्या दिवसांत. दिसला तरी समोरच्या कड्यावर, पाऊण-एक किलोमीटरवर, स्टँडवरच्या दुर्बिणीतून दगडाएवढा. दगड हलला की तो बिबट्या! 'हमखास' हा शब्द कुणी लिहिला की समजायचं, एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर गिऱ्हाईक खूश ठेवायला प्राण्याच्या मागं लागणार आहे.

रुंबकमध्ये घरात राहण्याची सोय आहे. ही कल्पना 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाली, स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीच्या लोकांनी गावकऱ्यांबरोबर बसून ठरवलेली. त्यात रिंचेन वांगचुक हे मोठं नाव, 2011 मध्ये ते गेले. (थ्री इडियट्समुळं आपल्याला माहीत झालेले ते सोनम वांगचुक, हे वेगळे.) मूळ दुखणं आपल्यासारखंच होतं. हिमबिबट्या रात्री कोंडवाड्यात उतरायचा आणि एकाच रात्रीत डझनावारी शेळ्यामेंढ्या मारून टाकायचा. बाहेर पडता येत नाही, समोर जनावरं धावतायत, तो मारतच सुटतो. सकाळी मालक दगड घेऊन उभा. त्यावर उपाय दोन. कोंडवाड्याला वरून जाळीचं छप्पर आणि नीट बंद होणारं दार. आणि ज्या घराचं नुकसान होतं त्याच घरात पाहुणा राहायला. पाहुणे घरोघरी पाळीने जातात, म्हणजे एकाच घराची चांदी होत नाही. कारभार मुख्यतः बायकांच्या हातात. मिळकतीतला ठरावीक वाटा गावाच्या संवर्धन निधीत जातो.

आपल्याकडं ढेबेवाडी खोऱ्यात बिबट्याने वासरू नेलं की मी फोटो काढायला जातो. मग पंचनामा, मग अर्ज, मग हेलपाटे. त्या घराला बिबट्यापासून एक रुपया मिळाल्याचं मी वीस वर्षांत पाहिलं नाही, भरपाई सोडून. आपल्या भागात वाघ-बिबट्याच्या नावाने रिसॉर्टं उभी राहिली, ती कुणाची आहेत ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून रुंबकला जाऊन मला बिबट्यापेक्षा ते कोंडवाड्याचं छप्पर बघायचंय, खरं सांगतो. हिशेबाची वही दाखवतील का, तेही विचारणार आहे.

बाहेरच्या कंपनीच्या तंबूत राहिलं की तंबू बाहेरचा, आचारी बाहेरचा, गॅस बाहेरचा. गावाला फक्त आपला कचरा. लडाखमध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे. वस्तीच्या, छावण्यांच्या उष्ट्यावर ती वाढतात आणि मग टोळीने रानात जाऊन भरल, मर्मोट, अगदी हिमबिबट्यालाही सतावतात. आपण प्रेमाने टाकलेलं बिस्कीट कुठं पोचतं बघा.

एका ओळखीतून तिथल्या एका घरमालकिणीशी फोनवर बोलणं झालं. आम्ही दोघंही मोडक्या हिंदीत. त्यांनी आधीच सांगून टाकलं, पाणी नळाला नाही, थंडीत पाईप गोठतात. संडास कोरडा, लडाखी पद्धतीचा, वर माती टाकायची. आंघोळ विसरा. शेकोटी एकाच खोलीत, सगळ्यांनी तिथंच बसायचं. जेवायला थुक्पा, स्क्यू, भातडाळ. रात्री बाहेर उणे वीस वगैरे. मी विचारलं, "दिखेगा क्या?" त्या हसून म्हणाल्या, "दिखेगा तो दिखेगा. खाना पक्का मिलेगा." एवढं प्रामाणिक पत्रक मी अजून पाहिलेलं नाही.

कुणी म्हणेल, पत्रकार, लडाखमध्ये वातावरण तापलेलं आहे, तुम्ही सहलीच्या गोष्टी करताय. तापलेलं आहेच. 24 सप्टेंबर 2025 ला लेहमध्ये चार माणसं गेली. सहाव्या अनुसूचीची, जमिनीच्या आणि नोकऱ्यांच्या संरक्षणाची मागणी तिथले लोक वर्षानुवर्षं करतायत. आपण तिथं जाऊन फक्त निळा तलाव आणि बुलेट बघून आलो. यावेळी ज्यांच्या घरात झोपणार आहोत त्यांना त्याबद्दल विचारायला वेळ असेल. सात दिवसांच्या प्लॅनमध्ये तोही नसतो.

आता मेडिकलवाल्यांचा मुद्दा, तो खोटा नाही. "अकरा दिवस दुकान बंद ठेवायला मी काय रिटायर झालोय का?" मास्तरांना रजा मिळणार नाही. तीन-चार दिवसांचा खर्च वाढतो, तोही आहे. जो रोजच्या गल्ल्यावर जगतो त्याला "वेळ काढा की" म्हणणं सोपं असतं. पण मग यंदा जाऊ नका. पुढच्या वर्षी जा, त्याच्या पुढच्या वर्षी जा. नाहीतर मेमध्ये सुट्टीत जा, हिमबिबट्या सोडा, मार्खा खोऱ्यातली गावं सावकाश बघा, तिथंही लेहमधल्या तीन रात्री सोडू नका. आणि तेवढंही नसेल तर मामा म्हणतात तसं उसात चला, मी येतो. दिवस कापून वर जायचं, एवढं मात्र नको. मी हे आधी एकदा केलंय.

टूरवाल्यांबद्दल मला राग नाही, पोटापाण्याचा धंदा आहे. पण त्यांच्याकडं आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारा, प्रत्येक रात्रीची उंची लिहून द्या. कुणी आजारी पडला तर त्याला खाली न्यायला वेगळी गाडी आहे का, आणि तो रस्ता मधे वर चढतो का, हे विचारा. ऑक्सिजन किती तास पुरेल ते विचारा. उत्तर "काय टेन्शन घेऊ नका" असं आलं तर पैसे परत खिशात.

आजच्या घडीला माझ्या आराखड्यावर तिघं आहेत. कंडक्टरमामा (होय, तेच), एक मास्तर बिनपगारी रजा टाकून, आणि मी. मामांची शुगर आहे, त्यामुळं त्यांचं डॉक्टर काय म्हणतात त्यावर ठरेल, डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. रविवारी सकाळी साडेसातला स्टँडसमोरच्या हॉटेलात बसतोय, नकाशा प्रिंट काढून आणणार आहे. कुणाला यायचं असेल तर या. मेडिकलवाल्यांनीही यावं, चहा माझ्याकडून.